'कितवा'ला इंग्रजीत काय म्हणतात, सर?

सातवीत होतो. हिमायतनगरच्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर भाषांतरासाठी वाक्यं लिहून दिली होती, 'राम आंबा खातो' छापाची. ती संपली आणि मी उगाच आगाऊपणा केला. "सर, 'अब्दुल कलाम भारताचे कितवे राष्ट्रपती होते?' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?" सरांनी दोन सेकंद फळ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आधी टेन्स पाठ कर. मोठा आला कितवा विचारणारा." वर्ग हसला. दहावी होईपर्यंत माझं नाव 'कितवा' होतं.

नोकरी लागल्यावर एकदा रात्री सहज मोबाइलवर शोधलं, तेव्हा उत्तर मिळालं. कलाम अकरावे राष्ट्रपती होते. हे उत्तर इंग्रजीत देता येतं, 'इलेव्हन्थ' म्हणता येतं. पण प्रश्न विचारायला इंग्रजीकडं एक सरळ शब्दच नाही. 'व्हॉट नंबर प्रेसिडेंट' असं काहीतरी ओढूनताणून म्हणावं लागतं, नाहीतर 'त्यांच्याआधी किती राष्ट्रपती झाले?' असं वाक्यच फिरवावं लागतं. 'हाऊ मेनीएथ' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे सरांना एवढंच म्हणायचं होतं, "नाही रे बाळा, इंग्रजीत हा शब्दच नाही." दहा सेकंदांचं काम होतं.

सरांना ते माहीत नव्हतं, याचा मला राग नाही. माझे सर वाईट नव्हते. मला खटकतं ते हे, की इंग्रजीत एखादी गोष्ट नसेल ही शक्यताच त्यांच्या डोक्यात आली नाही. इंग्रजी म्हणजे भरलेलं भांडं आणि आपण रिकामे, हे आधीच ठरलेलं. मग पोरगं काहीही विचारो, तो त्याच्या अज्ञानाचाच पुरावा. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आपल्याकडची पोरं इंग्रजीबद्दल जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक वेळा अतिशय हुशार प्रश्न असतात. ते प्रश्न पडतात याचं कारण त्यांना एक भाषा आधीच पक्की येते. उत्तरही त्याच भाषेतून द्यावं लागतं, आणि नेमकी तीच भाषा आपण इंग्रजीच्या वर्गाबाहेर चपलांसोबत काढून ठेवायला लावतो.

आमच्या गावाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याचा या भांडणाशी संबंध आहे. हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा. परमेश्वर मंदिराचं गाव, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं स्टेशन. एका बाजूला पैनगंगा, तिच्यापलीकडं विदर्भ. दुसरीकडं थोडं गेलं की तेलंगणा. बाजाराच्या दिवशी अर्धा तास उभं राहा, मराठी, दखनी, तेलुगू आणि तांड्यावरून आलेल्या बायांची गोरमाटी, सगळं कानावर पडेल. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस इथं तीन भाषांत भाव करतो. त्याची तेलुगू चुकते. समोरचा हसतो, दुरुस्त करतो, सौदा पुढं जातो. कुणाची लाज निघत नाही.

माझे आजोबा निजामाच्या काळात चौथीपर्यंत उर्दूतून शिकले. हैदराबादला १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सगळं उच्च शिक्षणच उर्दूतून होतं. मराठवाड्यातल्या तेव्हाच्या शिकलेल्या माणसानं घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि विषय म्हणून इंग्रजी असा संसार केलेला आहे. सरकारची भाषा बदलते, हे आमच्या भागाला कुणी सांगायला नको. आजोबा पहाडे शेवटपर्यंत उर्दूत म्हणायचे आणि हिशेब मराठीत लिहायचे. 'उर्दूत विचार करा' असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता जरा व्याकरणात शिरू. घाबरू नका, पाठ काही करायचं नाहीये.

आमच्याकडं 'मी जात आहे' असं कुणी म्हणत नाही. 'मी जायलो.' 'काय करायलास?' 'जेवायलो.' 'पाऊस यायलाय.' इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो तेव्हा होस्टेलवर या '-आयलो'ची पहिलं वर्षभर नक्कल झाली. मीही ते सोडून दिलं, फोनवर आईशी बोलताना तेवढं राहिलं. पण हिमायतनगरचं सहा वर्षांचं पोर 'मी शाळेत जातो' आणि 'मी शाळेत जायलो' यांत कधी गल्लत करत नाही. पहिलं रोजचं, दुसरं आत्ता चाललेलं. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांत हाच फरक आहे. म्हणजे ज्या पोराला 'प्रेझेंट कंटिन्युअस' समजत नाही म्हणून आपण रडतो, त्याच्या तोंडात तो काळ जन्मापासून आहे. फक्त वर्गात कुणी 'जायलो' म्हणत नाही. तिथं 'मी जात आहे' हे पुस्तकी मराठी येतं, जे त्याच्या घरात कुणी बोलत नाही, आणि त्याच्यापुढं एक इंग्रजी नाव. दोन परक्या गोष्टींची जोडी लावायची आणि पाठ करायची.

'जायलो'चा आणखी एक उपयोग आहे. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही भारतभर हसली जाणारी चूक. का चूक, असं विचारलं की उत्तर मिळतं, 'हॅव हे स्टेटिव्ह व्हर्ब आहे, त्याला आयएनजी लागत नाही.' स्टेटिव्ह म्हणजे काय, तर ज्याला आयएनजी लागत नाही ते. गोल गोल राणी. त्यापेक्षा पोराला सांगा, आपल्या भाषेत म्हणून बघ: 'मला दोन भाऊ असायलेत.' सगळा वर्ग हसेल, कारण कानालाच कळतं की भाऊ 'असायलेत' होत नाहीत, ते असतात. आणि 'आय ॲम हॅविंग लंच'? 'जेवायलो.' बरोबर. तसंच 'आय ॲम नोइंग हिम' म्हणजे 'मला तो माहीत व्हायलाय'. पुन्हा हशा.

ही युक्ती सगळीकडं चालत नाही, तेही सांगतो. 'मला दिसायलंय', 'ऐकू यायलंय', 'समजायलंय' हे आपण बिनधास्त म्हणतो, आणि म्हणूनच ऑनलाइन मीटिंगमध्ये अख्खा भारत 'आय ॲम नॉट हिअरिंग यू' म्हणतो. इंग्रजी तिथं 'कॅन' वापरते, 'आय कॅन हिअर यू'. इथं दोन भाषांची वाट वेगळी होते. पण वाट कुठपर्यंत एक आहे आणि कुठल्या वळणावर फुटते, हे दाखवणं म्हणजेच शिकवणं की नाही?

'डिड यू वेंट' घ्या. यावर रील आहेत, मीम आहेत, मुलाखतीतून लोक बाहेर काढले गेलेत. पण पोराचं लॉजिक बघा. मराठीत 'तू गेलास' याचा प्रश्न करायला शेवटी 'का' चिकटवला की झालं, 'तू गेलास का?' क्रियापदाला हात लावायची गरज नाही. भूतकाळ जिथं होता तिथंच राहतो. इंग्रजीकडं हा 'का' नाही. तिला प्रश्नासाठी एक मदतनीस लागतो, 'डू'. आणि हा मदतनीस आला की काळ त्याच्या खांद्यावर जातो. 'डू'चं 'डिड' होतं, मूळ क्रियापद मोकळं होऊन पुन्हा 'गो' होतं. काळ दाखवायचा, पण एकदाच. आम्ही प्रोग्रॅमर लोक हे दिवसभर एकमेकांना सांगत असतो, एक माहिती एकाच जागी ठेव, दोन जागी ठेवलीस तर कधीतरी भांडण लागेल.

आणि ही कल्पना मराठीला परकी आहे का? 'मला जाता आलं नाही.' इथं भूतकाळ 'आलं'वर आहे, 'जाता' मोकळं. 'मला गेला आलं नाही' असं आपण चुकूनही म्हणत नाही. म्हणजे 'डिड'नंतर 'गो' का, याचं उत्तर आपल्या जिभेवर बसलेलं आहे. बारावीपर्यंत इंग्रजीच्या एकाही शिक्षकानं मला ते दाखवलं नाही.

'सिन्स' आणि 'फॉर'चा घोळही असाच. आपण 'दोन वर्षांपासून' म्हणतो आणि '२०१९पासून'ही म्हणतो. आपलं 'पासून' दोन्ही कामं करतं, इंग्रजीत ती वाटून दिलीत. सुरुवात सांगायची तर 'सिन्स', लांबी सांगायची तर 'फॉर'. संपलं. यासाठी पन्नास गाळलेल्या जागा भरायची गरज नव्हती.

आता 'द'. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला सर्वात जास्त छळणारे हे एवढंसं अक्षर. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते समजत नाही, असं सगळे सांगतात. आर्टिकल नाही हे खरं. संस्कृतात नाही, रशियनमध्ये नाही, लॅटिनमध्येही नव्हतं. पण आर्टिकल ज्यासाठी असतं ती गोष्ट आपल्याकडं नाही, हे साफ खोटं. ही दोन वाक्यं बघा: 'त्यानं मुलगी बघितली' आणि 'त्यानं मुलीला बघितलं'. पहिल्या वाक्यानंतर घरात पुढचा प्रश्न येतो, 'कुठली? शिकलेली किती? पसंत पडली का?' ती कुणीतरी मुलगी आहे, अजून आपल्या ओळखीची नाही. दुसऱ्या वाक्यात ती मुलगी बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही आधीच माहीत आहे. पहिलं 'अ गर्ल', दुसरं 'द गर्ल'. मधे काय आलं? नुसता एक 'ला'. जो माणूस हा 'ला' कधी लावायचा हे आयुष्यात एकदाही चुकत नाही, त्याला 'द' समजणार नाही असं आपण त्याच्या तोंडावर सांगतो. 'द' तरीही अवघड आहे, नद्यांना लागतो आणि गावांना लागत नाही वगैरे भानगडी आहेतच. पण मुळातला प्रश्न, 'समोरच्याला आधीच माहीत आहे का?', तो आपला रोजचा आहे.

यावर एक जण म्हणेल, एवढ्यानं काय बिघडतं? 'द' चुकला तर कुणी मरत नाही. बरोबर आहे. मला स्वतःला 'द' अजून नीट येत नाही आणि माझा पगार त्याच्यामुळं कापला गेलेला नाही. पण काही चुका महाग पडतात, आणि त्या कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कंपनीचं एका अमेरिकन क्लायंटकडं रात्रीचं रिलीज होतं. डेटाबेसमधल्या तक्त्यांची रचना बदलणारी एक स्क्रिप्ट मला चालवायची होती. ती चालली, की पलीकडच्या माणसानं नवीन फीचर सुरू करायचं. त्यानं कॉलवर विचारलं, "तर तू अजून स्क्रिप्ट चालवली नाहीस?" अर्थात इंग्रजीत. मी म्हटलं, "येस." माझ्या डोक्यात मराठी होती: हो, नाही चालवली. तुझं म्हणणं बरोबर आहे. त्यानं ऐकलं: येस, चालवली. त्यानं फीचर सुरू केलं. पुढची चाळीस मिनिटं साइट बंद होती.

मराठीत 'हो' म्हणजे समोरच्याच्या वाक्याला होकार. 'जेवला नाहीस का?' 'हो, नाही जेवलो अजून.' जपानी लोकही असंच 'हो' म्हणतात. इंग्रजीत 'येस'ला समोरच्याच्या वाक्याशी देणंघेणं नसतं. काम झालं असेल तर येस, नसेल तर नो, प्रश्न कसाही विचारा. एवढंच. दोन वाक्यांत सांगता येणारी ही गोष्ट बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंत मला एकदाही सांगितली गेली नव्हती. मी पहिलीपासून इंग्रजी असलेल्या पिढीतला आहे. २००० साली महाराष्ट्रानं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, त्याच्या आधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे मागच्या पिढीपेक्षा मला चार वर्षं जास्त मिळाली. त्या वर्षांत मी 'नो सूनर दॅन' शिकलो. 'ॲज सून ॲज'चं 'नो सूनर दॅन' करा, 'टू' काढून 'सो दॅट' लिहा. दहावीला त्यात माझे सगळे मार्क आले. नोकरीत आजवर मी एकदाही 'नो सूनर' म्हणालेलो नाही, आणि कुणाला म्हणताना ऐकलेलं नाही. 'येस' मात्र रोज शंभर वेळा म्हणतो.

त्या रात्रीनंतर काय झालं ते ऐका. चौकशीच्या अहवालात 'कम्युनिकेशन गॅप' असं लिहिलं गेलं आणि मला कम्युनिकेशन ट्रेनिंगला पाठवलं. दोन दिवस. ट्रेनरनं 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चे उच्चार घोटून घेतले, हात कसा मिळवायचा ते दाखवलं, आणि कळकळीनं एक मंत्र दिला: "मातृभाषेत विचार करणं बंद करा. थिंक इन इंग्लिश." चहाच्या सुट्टीत मी त्याला येस-नोचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "ते सवयीनं येतं." सातवीतले सर आठवले.

'थिंक इन इंग्लिश' ही मला या सगळ्या धंद्यातली सर्वात मोठी फसवणूक वाटते. नांदेडच्या कुठल्याही कोचिंगच्या गल्लीत जा, बोर्डावर हेच वाक्य असतं, खाली 'तीस दिवसांत फाडफाड'. या मंत्राची गंमत अशी, की तो फसला तर दोष कायम शिकणाऱ्याचा. 'तू अजून मराठीत विचार करतोस, म्हणून येत नाही.' अहो, मी विचार मराठीतच करणार. मला 'येस'चा घोळ कळला तो मराठीत विचार करूनच. माझ्या 'हो'चा अर्थ काय होतो हे आधी मी तपासलं, मग त्याच्या 'येस'चा. हे न करता मी शंभर कॉल अजून केले असते, तर शंभर वेळा चुकलो असतो, तेही चांगल्या उच्चारात.

मोबाइलवर तर याहून कहर आहे. 'स्टॉप सेइंग व्हेरी गुड', 'डोन्ट से आय ॲम फाइन', 'थँक यूच्या ऐवजी हे दहा शब्द'. तुमच्याही फोनमध्ये येतात. यातलं निम्म्याहून जास्त चूक नसतंच. 'व्हेरी गुड' इंग्रज लोक रोज म्हणतात. पण तुम्ही आजवर बोलत होता ते चुकीचं होतं, अशी भीती घातल्याशिवाय पुढचा व्हिडिओ बघणार कोण? ज्या मुलीनं धीर करून 'आय ॲम फाइन' म्हणायला सुरुवात केली, तिच्या तोंडातून तेही काढून घ्यायचं. त्याला शिकवणं म्हणायचं.

माझा एक मित्र आहे, हिमायतनगरचाच. माझ्यापेक्षा चांगला कोड लिहायचा, परीक्षेच्या आदल्या रात्री आम्हा सगळ्यांचे प्रोजेक्ट त्यानं चालू करून दिलेत. कॅम्पसच्या मुलाखतीत तो तीनदा एचआरच्या फेरीत बसला. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' असं विचारलं, की तो 'मायसेल्फ' म्हणून नाव सांगायचा. समोरचे हसायचे. त्यांनी 'युवरसेल्फ' विचारलं म्हणून यानं 'मायसेल्फ' म्हटलं. प्रश्नातच सापळा आहे, आणि लॉजिक पोराचं आहे. तिन्ही वेळा त्याला घेतलं नाही. नुसत्या 'मायसेल्फ'मुळं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण तिसऱ्या मुलाखतीनंतर त्यानं चौथी दिली नाही, हे मला माहीत आहे. आज तो गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांचे इंग्रजी अर्ज भरतो, एकही चूक न करता.

'तुम्ही'ला इंग्रजीत काय, हा त्याचा प्रश्न असायचा. साहेबाला 'यू' म्हणताना त्याची जीभ अडायची, म्हणून प्रत्येक वाक्यात दोनदा 'सर' यायचं. आपल्या ईमेलमधलं 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली', 'डू द नीडफुल' हे सगळं त्या हरवलेल्या 'तुम्ही'च्या शोधात निघालेलं आहे. त्याला कुणी सांगायला हवं होतं, की 'यू' हेच मुळात इंग्रजीतलं 'तुम्ही'. 'तू'साठी 'दाऊ' होतं, ते इंग्रजांनी कधीच मोडीत काढलं. ते लोक आता कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणतात. आदर ते दुसरीकडं ठेवतात, 'कॅन यू'च्या जागी 'कुड यू' म्हणून. भूतकाळाचं रूप घेऊन दोन पावलं मागं सरकायचं. आपणही तेच करतो की, 'मला जरा विचारायचं होतं.' विचारायचं आत्ताच असतं, पण 'होतं' म्हणतो.

हे असं दोन भाषा शेजारी ठेवून शिकवणं माझी काही नवीन कल्पना नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर शेजारी-शेजारी छापला जायचा. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. आपण शाळेत घोकलेल्या शब्दांच्या आठ जाती तिकडूनच आल्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पुढं कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि ती सगळी मराठी वाक्याचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करण्यावर उभी होती. त्या पद्धतीत दोष होते. वाक्यं कृत्रिम असायची, बोलायला कुणी शिकत नसे. माझे सातवीतले सर त्याच पद्धतीचे शेवटचे वारस, तिचा जीव गेल्यानंतरचे. पण इंग्रजीला 'वाघिणीचं दूध' म्हणणाऱ्या त्या काळात निदान दोन भाषा एकमेकींशी बोलत होत्या. आज आपल्या शाळेत मराठीच्या तासाला 'प्रयोग' शिकवतात आणि इंग्रजीच्या तासाला 'पॅसिव्ह व्हॉइस', आणि या दोन बाई स्टाफरूममध्ये शेजारी बसून डबा खातात, पण हे प्रकरण काय आहे ते एकमेकींना विचारत नाहीत.

भाषा व्याकरणानं येत नाही, ऐकून येते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण आधी ऐकायला हवी ना. ज्या घरात आई-बाप इंग्रजी बोलतात तिथं मूल ऐकून शिकेल. वाढोण्यात ते पोर कुणाचं ऐकणार? आता मोबाइलवर ऐकायला मिळतं, चांगलंच आहे. पण ऐकलेलं जिथं अडतं तिथंच प्रश्न पडतो, आणि मी त्या प्रश्नाबद्दल बोलतोय. दुसरा आक्षेप माझ्याच क्षेत्रातले मित्र घेतात: आता एआय सगळं दुरुस्त करून देतो, व्याकरण कशाला? ईमेल देतो दुरुस्त करून. माझं कॉलवरचं 'येस' त्यानं दुरुस्त केलं नसतं. शिवाय तो चूक काढून टाकतो, का चूक हे आपणहून सांगत नाही. विचारलं तर सांगतो, मराठीत विचारलं तर मराठीत सांगतो. पण ज्याला लहानपणी प्रश्न विचारल्याबद्दल 'कितवा' हे नाव पडलं, तो विचारतो का, हा मुद्दा आहे.

'इंग्रजी हवीच कशाला' म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. त्यांची मुलं कुठल्या शाळेत आहेत तेवढं विचारा.

आणि ज्यांनी कर्ज काढून गावातल्या इंग्रजी माध्यमात पोरं घातलीत, त्यांना मी हसत नाही, माझ्या काकांनीही तेच केलंय. त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण, आठवीत आहे. तिच्या वर्गात मराठी बोललं की दंड आहे, एका शब्दाला एक रुपया. तरी तिला 'द' येत नाही. गेल्या रविवारी तिचा व्हॉइस मेसेज आला, "दादा, 'द' कुठं लावायचा अन् कुठं नाही, नीट सांग की. टीचर म्हणतेत प्रॅक्टिस कर." मी तिला 'मुलगी बघितली' आणि 'मुलीला बघितलं' सांगितलं. ती हसली. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मंजे शेजारच्या ताईला पाहुणे बघून गेले, तवा ती 'अ' होती. अन् आता लग्न जमलं तर 'द' झाली."

मी म्हटलं, बरोबर.

दहा मिनिटांनी पुन्हा मेसेज. "दादा, मग 'आपण' अन् 'आम्ही' दोन्हीला 'वी'च का? मी टीचरला म्हणले 'वी आर गोइंग टू नांदेड', तर त्यांना वाटलं त्यांना पण नेणार हाव. मग 'तुम्हाला सोडून आम्ही' हे कसं सांगायचं?"

मी टाइप करायला घेतलं, 'इंग्रजीत तसा शब्द नाही गं', आणि तिला आधी विचारलं, हे टीचरला विचारलंस का? "विचारलं," ती म्हणाली. "मराठीत विचारलं म्हणून सात रुपये पडले."